यामाशोई कुठल्या कुशीवर झोपतो

ऑक्टोबरच्या अखेरीस इकुको मियाशिताच्या हातात एक पत्र पडलं. प्रकाशकाच्या पत्त्यावर आलेलं, तिथून तिच्या घरी पाठवलेलं. पाकिटावरचं अक्षर पट्टी धरून काढल्यासारखं सरळ. आत एकच कागद होता.

‘भाषांतरकार महोदयांस. आम्ही हामासावा गावचे तिघे खेळगडी. आपल्या राक्षसकोशातल्या यामाशोईशी आमची गाठ पडून अडीच वर्षं झाली. त्याचे नऊ हजार प्राण होते, आज सात हजार नऊशे चौदा आहेत. तक्रार काही नाही. शंका एकच. पान त्र्याऐंशीवर आपण लिहिलं आहे की तीन वर्षांतून एकदा, पहिलं हिम पडतं त्या दिवशी यामाशोई आडवा होतो. पण कुठल्या कुशीवर, ते लिहिलेलं नाही. आमच्याकडे नोव्हेंबरच्या मध्यावर हिम पडतं, म्हणून घाई. त्याच्या डाव्या कानात आमचा एक माणूस आहे. कळावे. तोकुजी कुदो, केशकर्तनालय.’

इकुकोनं पत्र दोनदा वाचलं. ‘नऊ हजार’ या आकड्यावर ती दोन्ही वेळा थांबली.

खेळ तसा साधा. कागद, पेन्सिल, फासे आणि भरपूर बोलणं. एक जण जग चालवतो, बाकीचे त्या जगात कुणी योद्धा, कुणी चेटक्या होऊन फिरतात, आणि वाटेत राक्षस भेटतात. हे राक्षस पुस्तकात लिहिलेले असतात. तसल्या एका अमेरिकन पुस्तकाचं भाषांतर इकुकोनं टोकियोच्या कांदा भागातल्या एका छोट्या प्रकाशकासाठी केलं होतं. दोनशे बारा राक्षस. आधी तिनं सगळ्यांची उंची सेंटिमीटरमध्ये काढली. मग संपादक म्हणाले, मीटरमध्ये द्या. तिनं बसून दोनशे अकरा राक्षसांची दोन-दोन शून्यं खोडली. एक राहिला. तो यामाशोई, पाठीवर डोंगर वाहणारा. अठरा मीटरचा व्हायचा तो अठराशे मीटरचा झाला. प्राण, म्हणजे राक्षस किती घाव सोसतो तो आकडा, उंचीच्या पाचपट धरायचे असा नियम, म्हणून नव्वदाचे झाले नऊ हजार. तेही तिनंच गुणून लिहिलं, आणि लिहिताना तिला काहीच खटकलं नाही.

चूक कळली ती पुस्तक बाजारात जाऊन सहा महिने झाल्यावर. दुसऱ्या छपाईत दुरुस्तीची चिठ्ठी घातली, मासिकात दोन ओळी छापल्या. पण जे पहिल्या छपाईचं पुस्तक घेऊन दूर कुठंतरी निघून गेले, त्यांच्यापर्यंत ती चिठ्ठी कशी पोचणार?

संपादकांना फोन केला तर ते हसत सुटले. “अहो, चिठ्ठी पाकिटात घालून पाठवून द्या. दोन ओळी माफीच्या लिहा.”

तिनं त्या दोन ओळी चार वेळा लिहिल्या आणि चारही वेळा कागद फाडला. अठराशे मीटर म्हणजे उत्तरेकडच्या इवाकी पर्वताहून उंच. असल्या राक्षसावर ही माणसं अडीच वर्षं तलवारी चालवतायत, आणि तेही तिच्या हातून दोन शून्यं खोडायची राहिली म्हणून. टपालानं माफी मागावी एवढी ही गोष्ट लहान नव्हती. तिनं योकानच्या गोड वड्यांचा चांगलासा डबा घेतला, दुरुस्तीची चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि उत्तरेच्या गाडीत बसली.

सोमवारी दुपारी बाराच्या सुमारास ती हामासावाला उतरली. उतरणारी ती एकटीच. फलाटापलीकडे लगेच समुद्र, त्यावर शिंपल्यांच्या शेतीचे काळे तरंगते गोळे ओळीनं बांधलेले. तिकीट घ्यायला तिशीतला एक जण उभा होता, मान जराशी वाकडी करून बघणारा.

“कुणाकडे?” त्यानं विचारलं.

“कुदो न्हाव्यांकडे.”

“आज सोमवार. दुकान बंद असतं.” त्यानं तिच्या केसांकडे बघितलं, मग हातातल्या डब्याकडे, मग तिकिटावरच्या गावाच्या नावाकडे. “केस कापायला टोकियोहून कुणी येत नाही. तुम्ही पान त्र्याऐंशी का?”

इकुकोनं होय म्हटलं. एखाद्या पानाच्या नावानं ओळखलं जाण्याची तिची ही पहिलीच वेळ.

“मी मिकामी. आमच्यात धनुर्धर आहे मी,” तो टोपी काढत म्हणाला. “माझी पाळी आत्ता संपते. चला, सोडतो. नाहीतरी तिकडेच निघालोय.”

दुकानात न्हाव्याच्या दोन्ही खुर्च्या भिंतीकडे फिरवून ठेवल्या होत्या आणि मधल्या जागेत मोठं टेबल मांडलं होतं. टेबलावर एक पाय होता. फक्त पाय. मासेमारीच्या जुन्या जाळ्यावर प्लास्टर लिंपून केलेला, टाचेपासून बोटांपर्यंत दीड मीटर लांब. घोटा वर जात थेट छताला टेकला होता आणि तिथं संपला होता. बोटांच्या बेचक्यांतून नखाएवढी घरं होती, बुरशीसारखी दिसणारी हिरवी शेतं होती, एका घराच्या धुराड्यातून कापसाचा धूर निघत होता.

“बाकीचा छताच्या वर आहे असं समजायचं,” पायामागून आवाज आला. कुदो. पन्नाशीचा, किडकिडीत, सुटीच्या दिवशीही पांढरा कोट घातलेला. “गुडघा अजून आम्ही कुणी बघितलेला नाही. मियाशिता-सान, एवढ्या लांब आलात. मला वाटलं होतं पोस्टकार्ड येईल.”

इकुको डबा पुढे करून वाकणार, तेवढ्यात दार ढकलून एक बाई आत आली. पायात गुडघाभर रबरी बूट, अंगाला समुद्राचा वास, हातात मुळ्याच्या लोणच्याची बरणी. ती हिसाए नारिता. शिंपल्यांची शेती करायची, आणि खेळात तिचा योद्धा होता.

“ही का ती?” ती मिकामीला म्हणाली. “मला वाटलं दाढीवाला कुणी म्हातारा असेल. ही तर केवढीशी आहे. अगं, बस ना. उभी काय राहिलीस? आधी खाऊन घे.”

“हिसाएताई, त्या पाहुण्या आहेत,” कुदो म्हणाला.

“मग पाहुण्यांनी उपाशी राहायचं?”

इकुको बसली. लोणचं खाल्लं, चहा घेतला. माफीचं वाक्य तिनं गाडीत चौदा तास घोकलं होतं, पण ते बोलायला कुणी तिला फट देईना. हिसाएनं सगळा इतिहास सांगायला घेतला होता.

पहिले आठ महिने ते नुसते लढले. दर सोमवारी डाव्या पायाच्या करंगळीवर. हिसाएचा योद्धा कुऱ्हाड घालायचा, मिकामी बाण मारायचा, संध्याकाळपर्यंत तीसेक प्राण कमी व्हायचे. यामाशोईला पत्ताच नाही. “डास चावला तर माणूस निदान हात तरी मारतो,” हिसाए म्हणाली. “याचं तेवढंही नाही. अपमान नुसता.”

मग खेळातला पहिला हिवाळा आला. जळून गेलेल्या गावांतली माणसं आसरा शोधत आली आणि त्या पायाच्या आडोशाला राहिली, कारण पाय उबदार होता. जग चालवणाऱ्या कुदोनंच तसं ठरवलं होतं. एवढं मोठं जनावर, अंगात ऊब असणारच. एकदा माणसं राहायला आल्यावर त्या पायावर कुऱ्हाड घालायची तरी कशी? हिसाएच्या योद्ध्यानं कुऱ्हाडीची कुदळ केली. करंगळीच्या बेचक्यात मुळे लावले.

“आणि गुरुजी वर गेले,” मिकामी म्हणाला.

टेबलाच्या चौथ्या बाजूला रिकाम्या स्टुलावर एक उशी होती. तिच्यापुढे एक कागद, कागदावर पेन्सिल. इकुकोला वाटलं होतं ती जागा आपल्यासाठी ठेवलीय. बरं झालं, ती तिथं बसली नव्हती.

नाराओका गुरुजी इथल्या प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षं होते. या तिघांनाही त्यांनीच शिकवलेलं. निवृत्त झाल्यावर केस कापायला आले, कोपऱ्यात पडलेला राक्षसकोश चाळला आणि म्हणाले, मला पण घ्या. त्यांचा चेटक्या होता. त्यांनी एका सोमवारी जाहीर केलं की एवढ्या वेळात या प्राण्याशी कुणी बोललेलंच नाही, ही असभ्यता झाली. आणि चढायला लागले. एकोणीस सोमवार चढत होते. फासे टाकायचे, दोनदा घसरून पोटरीपर्यंत खाली आले. शेवटी डाव्या कानात पोचले, आणि म्हणाले, “माफ करा, त्रास देतोय. आपल्या पायाशी माणसं राहतात. हलायचं झालं तर आधी सांगाल का?”

“मग?” इकुकोनं विचारलं. ती माफीबद्दल विसरून गेली होती.

“कुदोला काही सुचेना,” हिसाए म्हणाली. “आठवडाभर विचार करत बसला. गिऱ्हाइकाची एक मिशी जास्त कापली. पुढच्या सोमवारी आला आणि म्हणाला, यामाशोई म्हणतो, ‘हं.’”

“पुस्तकात त्याचा आवाज दिलेला नाही,” कुदो म्हणाला. “मी मनानं काय घालणार?”

“गुरुजी एवढे खूश, एवढे खूश. सगळ्या गावाला सांगत सुटले, ‘हं’ म्हणाला म्हणून.”

फेब्रुवारीत गुरुजी गेले. छातीचं दुखणं, चार दिवसांत आटोपलं. त्यानंतर टेबल पुन्हा मांडायला दोन महिने लागले. मांडलं, खेळले, मुळे काढले, नवीन घरं बांधली. पण चेटक्याच्या कागदाला कुणी हात लावला नाही. तो अजून कानातच होता. त्याला खाली आणायचं तर कुणीतरी त्याच्या वतीनं बोलायला हवं, आणि ते कुणाच्यानं होईना.

“आणि आता हिम पडणार,” कुदो म्हणाला. “आमच्या खेळात गावाचंच हवामान धरतो. रेडिओवर गुरुवार सांगितलाय. डावीकडे झोपला तर कान गेला. उजवीकडे झोपला तर खेळातलं बंदर गेलं, सत्तर होड्या आहेत. मी स्वतः ठरवलं असतं, पण ते बरोबर नाही. नियम पुस्तकाचा. म्हणून तुम्हाला विचारलं.”

तिघं तिच्याकडे बघत होते.

इकुको खुर्चीवरून उठली, जमिनीवर बसली आणि कपाळ टेकवून तिनं सगळं सांगितलं. सेंटिमीटर, मीटर, राहिलेली दोन शून्यं. यामाशोई खरा अठरा मीटर. अग्निशामक दलाच्या मनोऱ्याएवढा. त्याच्या कानात माणूस मावत नाही. पायाशी गाव वसत नाही. चूक सर्वस्वी तिची. तिनं चिठ्ठी टेबलाच्या कडेवर ठेवली.

मिकामीनं बोटांवर काहीतरी मोजलं.

“नव्वद प्राण,” तो म्हणाला. “म्हणजे तिसऱ्या सोमवारी मेला असता.”

हिसाए हसायला लागली. आधी तोंडावर हात धरून, मग तिला आवरेना. बुटांसकट पाय आपटत ती हसत होती. “तिसऱ्या सोमवारी. अगं बाई, आणि मी आठ महिने त्याची करंगळी तासतेय. गुरुजी असते तर म्हणाले असते, ‘नारिता, तुझा गुणाकार तपास.’ आणि तुला म्हणाले असते, मियाशिता, एकदा लिहिलेलं पुन्हा वाचत जा.” तिनं डोळे पुसले. त्यात नुसतं हसण्याचंच पाणी नव्हतं. “ऊठ आता. जमीन गार आहे.”

कुदो मात्र हसला नाही. त्यानं चिठ्ठी उचलली, चष्मा लावून वाचली, पुन्हा वाचली. मग पुस्तक काढलं आणि पान त्र्याऐंशीवर ती ठेवली.

“पुस्तकात चूक होती,” तो हळू म्हणाला. “दुरुस्ती आली. मग दुरुस्ती मानायला हवी.”

“काय बोलतोस तू?” हिसाएचं हसू थांबलं.

“नियम म्हणजे नियम, ताई. आवडला तेवढा पाळायचा, असं नसतं.”

“म्हणजे गावं पुसणार? मुळे पुसणार? गुरुजी एकोणीस सोमवार चढले ते काय इमारतीवर?”

“मी काय मुद्दाम करतोय का?” कुदोचा आवाज चिरकला. त्याचा हात पायाच्या घोट्यावर होता, जणू तो पडेल म्हणून धरलेला.

मिकामी अजून बोटं मोजत होता. स्टेशनवरच्या नोकरीनं त्याला एक गोष्ट शिकवली होती, कुठलीही सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. त्यानं चिठ्ठी ओढून घेतली. “यात लिहिलंय, ‘दुसऱ्या छपाईपासून ही उंची ग्राह्य धरावी.’ आपलं पुस्तक पहिल्या छपाईचं आहे, कुदो-सान. जुन्या वेळापत्रकावर निघालेली गाडी मधेच रद्द होत नाही. ती मुक्कामाला जातेच.”

कुदोनं इकुकोकडे पाहिलं. अख्ख्या आयुष्यात कुणी तिच्याकडे एवढ्या आशेनं पाहिलं नव्हतं.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “ते वाक्य मीच लिहिलंय. तसाच अर्थ आहे त्याचा.”

तसा अर्थ तिच्या मनात नव्हता. पण वाक्यात बसत होता, आणि भाषांतरकाराला एवढं पुरतं.

कुदोनं चिठ्ठीची घडी केली, कोटाच्या खिशात ठेवली आणि खाली बसला. “मग कुशीचं सांगा.”

“मूळ पुस्तकातही नाही. मी पुन्हा पुन्हा बघितलं. नुसतं ‘आडवा होतो’ एवढंच आहे.”

“मग कुणीतरी त्यालाच विचारायला हवं,” मिकामी म्हणाला. “आणि विचारायला वर एकच माणूस आहे.”

हिसाए उठली. बूट काढून दाराशी ठेवले. टेबलाला वळसा घालून ती चौथ्या बाजूला गेली, उशी काढून बाजूला ठेवून नुसत्या स्टुलावर बसली आणि कागद हातात घेतला. गुरुजींचं अक्षर बारीक होतं. तिनं ते थोडं लांब धरून वाचलं.

“त्याच्या वतीनं मी बोलीन,” ती म्हणाली. “आणि कुदो, तू राक्षस होऊ नकोस. तू ‘हं’ म्हणशील आणि आठवडाभर गप्प बसशील. गुरुवारी हिम आहे. ही होईल. हिनंच केलाय ना त्याला एवढा.”

इकुको नको म्हणणार होती. तिनं आजवर दोनशे बारा राक्षस लिहिले होते, पण एकाच्याही तोंडून ती बोलली नव्हती. खरं सांगायचं तर हा खेळ तिनं कधी खेळलाच नव्हता. पण हिसाएनं आवाज बदलला होता. खाकरून, प्रत्येक अक्षर सुटं करत, वर्गातल्या शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असा. मिकामीनं नकळत पाठ ताठ केली.

“माफ करा, पुन्हा त्रास देतोय. मी डाव्या कानातला. गुरुवारी आपण आडवं होणार असं कळलं. डावीकडे मी आहे, उजवीकडे होड्या आहेत. आपल्याला पाठीवर झोपणं जमेल का?”

सगळे इकुकोकडे वळले. तिनं तोंड उघडलं आणि स्वतःच्याच आवाजाचं तिला नवल वाटलं. फार सावकाश येत होता तो.

“पाठीवर डोंगर आहे,” ती म्हणाली.

“हे बरोबर,” कुदो पुटपुटला. “नियमाला धरून आहे.”

हिसाए अडली. कागद खाली-वर केला. मग त्याच शाळेतल्या आवाजात, पण जरा मऊ होत तिनं विचारलं, “तो खाली का नाही ठेवत?”

इकुकोला मूळ पानावरचं सगळं पाठ होतं. तिथं वजन होतं, चाल होती, पकड होती. डोंगर कुणी दिला, कशासाठी दिला, हे नव्हतं. तिनं त्या छताला टेकलेल्या घोट्याकडे पाहिलं.

“ठेव असं कुणी म्हणालं नाही,” ती म्हणाली.

हिसाएनं कागद टेबलावर नीट ठेवला. मिकामी खिडकीबाहेर बघत होता. मग शाळेतला आवाज परत आला. फक्त शेवटी त्यात हिसाएचाच आवाज मिसळला.

“ठेवा हो. बस झालं आता. ठेवा.”

“हं,” इकुको म्हणाली.

कुदो ताडकन उठला आणि नकाशा पसरला. तासभर वाद झाला. डोंगर समुद्रात ठेवला तर लाट येते, दक्षिणेला ठेवला तर नदी अडते. शेवटी कुणी राहत नाही असं उत्तरेचं माळरान सापडलं. कुदोनं पेन्सिलीनं तिथं गोल काढला, आत रेघा मारल्या. खेळात गुरुवार उजाडला, हिम पडलं, आणि यामाशोई पावलं होती तिथंच ठेवून, गुडघे वर करून आयुष्यात पहिल्यांदा पाठीवर झोपला. त्याचा गुडघा दिसला. मिकामीच्या धनुर्धरानं तो बघितला आणि म्हणाला की वाटला होता त्यापेक्षा बराच ओबडधोबड आहे.

“आणि चेटक्या?” कुदोनं विचारलं.

हिसाएनं कागदावरून हात फिरवला. “कानातून बाहेर येतो. कपडे झटकतो. आभार मानतो, गुरुजी मानतीलच. आणि त्या डोंगराकडे चालायला लागतो. त्याच्यावर अजून कुणी चढलेलं नाही ना.”

“नाही.”

“मग चढतो.”

तिनं फासे उचलले. चढायचं म्हणजे फासे आलेच. ते हातात खुळखुळले तसा कुदोनं तिच्या मुठीवर हात ठेवला.

“राहू दे,” तो म्हणाला. “लागत नाहीत.”

मिकामीनं नंतर चालता चालता इकुकोला सांगितलं की अडीच वर्षांत कुदोनं फासे माफ केल्याचं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. स्वतःच्या बायकोलाही नाही, ती तीन सोमवार खेळून कंटाळून गेली तरी.

दुसऱ्या दिवशी निघताना हिसाएनं शिंपल्यांची पेटी बर्फात बांधून दिली आणि ती नेताना कशी धरायची ते तीनदा सांगितलं. कुदोनं दुकान उघडण्याआधी इकुकोचे केस कापून दिले, अर्धा सेंटिमीटर. मोजून.

पुढच्या वसंतात राक्षसकोशाची तिसरी छपाई निघाली. यामाशोई अठरा मीटरच होता, प्राण नव्वद. फक्त नोंदीच्या शेवटी एक ओळ जास्त होती: ‘नीट विचारलं तर हा पाठीवरचा डोंगर खाली ठेवतो.’ शेवटचा खर्डा तपासताना संपादक तिथं थांबले.

“हे मुळात आहे का?”

“आहे,” इकुको म्हणाली.

त्यांनी पान उलटलं.